मयूरने थांबवलेले ढोल

चौतिशी आली तरी मेघना राऊळ अजून शिकतेच आहे, असा नायगावच्या चाळीत पक्का समज होता. पीएचडी होऊन पाच वर्षं झाली होती, परळच्या एका संस्थेत ती करारावर मेंदूचं संशोधन करत होती, पण हे समजावून सांगायचा तिला आता कंटाळा आला होता. शेजारच्या शेवंतीकाकू तर मान लचकली की तिच्याकडेच येत. मेंदू काय नि मान काय, जवळजवळच की.

तिचं काम उंदरांच्या आठवणीवर. टाकीच्या पाण्याखाली चौथरा लपवायचा, उंदराला तो शोधायला शिकवायचं आणि आठवड्याने त्याला आठवतो का ते बघायचं. एक औषध टोचलेल्या उंदरांना तो चटकन आठवतो, असं पहिल्या वर्षी दिसलं. प्रयोगशाळेचे सर खूश झाले. पुढे दोनदा तोच प्रयोग केला, दोन्ही वेळा फसला. दोन्ही वेळा ऐन चाचणीच्या दिवशी खालून गणपतीच्या आगमनाची मिरवणूक ढोल बडवत गेली होती. खिडक्यांच्या काचा थरथरतात तिथे उंदीर बिचारे काय आठवणार? मेघनाने तसं लिहून दिलं, सरांनी मानलं. पण यंदा करार सप्टेंबरात संपत होता. निकाल पुन्हा मिळाला तरच मुदतवाढ, हे त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

उंदरांचं वय थांबत नाही आणि बाप्पाची तारीखही हलत नाही. चाचणी पुन्हा आगमनाच्या रविवारीच आली. ढोलपथक तिच्या धाकट्या भावाचं, मयूरचं.

"आमच्या संस्थेच्या गेटपासून सिग्नलपर्यंत वाजवू नका. अर्धा तास फक्त."

"उंदरांसाठी? ताई, पोरं हाणतील मला."

"माझ्यासाठी रे."

रविवारी दुपारी पथक कमरेला ढोल बांधून मुकाट चालत गेलं. पुढे मयूर, हात वर करून. वर मेघना एकेक उंदीर पाण्यात सोडत होती. एवढ्या माणसांनी आपल्यासाठी गप्प राहावं, या विचाराने तिला रडू आलं.

मग तिने कुठल्या उंदराला औषध दिलं होतं ती यादी उघडली. औषध दिलेले आणि न दिलेले, दोन्ही गट सारखेच. तिने आकडे पुन्हा मांडले. काडीचा फरक नव्हता. औषधात काही नव्हतंच, पहिल्या वर्षी नुसतं नशीब लागलं होतं. दोन वर्षं ती उगाच ढोलांना बोल लावत होती आणि आता तेही कारण उरलं नव्हतं. तिला राग आला नाही, फक्त बसून राहावंसं वाटलं.

खाली उतरली तर गेटवर मयूर उभा, घामाने निथळलेला.

"एकानेही ढोलाला टिपरू लावलं नाय, ताई. झालं ना तुझं?"

"झालं."

"बघ! पुढच्या वर्षीपण थांबवू, बिनधास्त सांग."

मेघनाने त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली.

"पुढच्या वर्षी नको रे," ती म्हणाली. "वाजवा तुम्ही."