आप्पांच्या पोटातले जीव

मी कोल्हापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. गेली एकोणीस वर्षं मी जंतू वाढवते, ओळखते आणि शेवटी वाफेच्या भांड्यात घालून मारते. माझे वडील म्हणजे आप्पा गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावात शेती करतात. ते नियमानं चालणारे जैन आहेत. सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत आणि दही लावल्यापासून एक दिवस उलटला की त्याला हात लावत नाहीत. मी नोकरीला लागले तेव्हा तिथं काय करतेस, असं त्यांनी एकदाच विचारलं होतं. रक्त आणि लघवी तपासते, असं मी म्हणाले. एवढ्यावर आमचं भागलं.

दोन वर्षांपूर्वी आप्पांना हुडहुडी भरून ताप आला. लघवीला जळजळ होत होती. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी चार दिवसांत काही फरक पडला नाही, तेव्हा मी त्यांना इकडं घेऊन आले. इथल्या डॉक्टरांनी दाखल करून घेतलं आणि लघवी कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायला, पाठवायला सांगितली. ती आमच्याच लॅबमध्ये आली.

हे काम मी हजारो वेळा केलेलं आहे. काचेच्या बशीत जंतूंचा पातळ थर लावायचा, त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या टिकल्या ठेवायच्या आणि रात्रभर उबेत ठेवायचं. जे औषध चालतं त्याच्या टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, तिथं स्वच्छ गोल दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आप्पांची बशी उजेडात धरली. बारा टिकल्या होत्या. दहांच्या अगदी कडेला टेकून जंतू वाढले होते. गोल फक्त दोन, आणि ती दोन्ही औषधं शिरेतून द्यायची होती. आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमना मी बशी दाखवली. त्यांनी पेशंटचं वय विचारलं. मी सांगितलं आणि मग हे माझे वडील आहेत असंही सांगितलं. त्यांनी स्वतः पुन्हा मोजपट्टी लावून सगळे आकडे तपासले. त्यात फरक पडला नाही.

त्या दहांपैकी एका औषधाकडं मी जरा जास्त वेळ बघत राहिले. आप्पांना सर्दी-ताप झाला की त्यांच्या सांगण्यावरून अव्वा, म्हणजे माझी आई, मला फोन करायची. मी कामावरून येताना मेडिकलमधून त्याच औषधाची एक पट्टी घ्यायची आणि गावाकडं जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायची. आप्पा दोन दिवस खायचे. बरं वाटलं की राहिलेल्या गोळ्या फडताळात. असं वर्षातून तीन-चार वेळा, कितीतरी वर्षं चाललं होतं. त्यातले बरेच ताप गोळीशिवायही उतरले असते. दुसऱ्या कुणाच्या घरी असं चाललेलं कळलं असतं तर मी त्यांना ऐकवलं असतं.

इंजेक्शन सुरू झालं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आप्पा उशाला टेकून बसायला लागले आणि प्रश्न विचारायला लागले. हे औषध काय करतं, साध्या गोळीनं का भागलं नाही, जंतू आला कुठून. तो बाहेरून आलेला नाही, आपल्याच आतड्यातला आहे, असं मी सांगितलं. औषध घेतलं की कच्चे मरतात, चिवट राहतात आणि मग त्यांचीच पिलावळ वाढते.

आप्पांना समजवायला फार वेळ लागला नाही. "सोयाबीनवरच्या अळीगत की," ते म्हणाले. "दरसाली तेच औषध मारलं की अळीला त्याचं काय वाटत न्हाय."

मी हो म्हणाले. मग सांगून टाकलं, "आप्पा, त्या गोळ्या मीच पाठवत होते. मला सगळं माहीत असून पाठवत होते."

ते खिडकीकडं बघत होते. मग म्हणाले, "मी मागितल्या म्हणून तू पाठवल्यास. पण तू न्हाय म्हणायला पायजे हुतीस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण त्यांनी मला सोडलंही नाही. ते बरंच झालं असं मला आता वाटतं.

पाचव्या दिवशी जुलाब सुरू झाले. औषधानं पोटातले चांगले जंतूही मेले होते. डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी सुरू केलं आणि प्लास्टिकच्या छोट्या कुप्या लिहून दिल्या, दिवसातून दोनदा प्यायच्या. मी कुपी फोडायला घेतली तेव्हा आप्पांनी यात काय आहे विचारलं. औषध आहे, एवढंच मी म्हणू शकले असते. पण दोन दिवसांपूर्वीचं बोलणं डोक्यात होतं. म्हणून मी यात चांगले जंतू आहेत, जिवंत, असं सरळ सांगितलं.

"जिवंत?"

"झोपलेले. पोटात गेले की जागे होतात."

त्यांनी कुपी हातात घेतली आणि उजेडाकडं धरली. आत गढूळसर पाण्यासारखं काहीतरी होतं. मग त्यांनी डॉक्टरांना बोलवायला सांगितलं. डॉक्टर फेरीला आले तेव्हा त्यांना विचारलं, ह्याच्याशिवाय भागतं काय. घेतलं तर बरं, नाही घेतलं तरी अडणार नाही, पाणी मात्र भरपूर प्या, असं डॉक्टर म्हणाले.

"मग नगं," आप्पांनी कुपी परत दिली.

मला थोडं हसू आलं आणि थोडा रागही. दह्यातही जिवंत जंतूच असतात आणि ताक तर तुम्ही रोज पिता, असं मी म्हणाले.

"ते मला तू सांगाय नगं. म्हणून तर दह्याला एका दिवसाची मर्यादा पाळतो." मग सलाइनच्या नळीकडं हात करून म्हणाले, "हे बी मारतंय, व्हय. शेतात बी मारतो. त्याबिगर जगता येत न्हाय, म्हणून करायचं. ज्याच्याबिगर चालतंय, ते कशाला?"

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत मी घरून पेज आणि सकाळी लावलेल्या दह्याचं पातळ ताक नेलं. त्यांनी दोन्ही सावकाश घेतलं. जुलाब आणखी चार दिवस चालले, मग थांबले. कुपी घेतली असती तर दोन दिवसांत थांबले असते का, मला सांगता येणार नाही. इंजेक्शनं पुरी झाल्यावर त्यांना सोडलं. चिवट जंतू आतड्यात अजून काही महिने राहू शकतो, असं डॉक्टरांनी जाताना बजावलं. तेव्हापासून आप्पा साबणानं हात धुताना कोपरापर्यंत धुतात.

मी त्यांना गावी पोचवायला गेले त्याच दिवशी शेजारचे काका ताप आला म्हणून गोळी मागायला आले. आमच्या फडताळातल्या उरलेल्या गोळ्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होत्या, हे मला तेव्हा कळलं. आप्पांनी गोळी दिली नाही. आधी डॉक्टरला दाखव, म्हणाले. काकांना ते लागलं. पुढं पंधरा दिवस ते आमच्या दारावरून जाताना मान वळवून जात होते, असं अव्वा सांगत होती.