शेंदाडाचा गुण

वैरागच्या पट्ट्यात आता शेंदाड फारसं दिसत नाही. दुष्काळ, तणनाशक, ट्रॅक्टर, रुंद झालेले रस्ते अशी कारणं लोक सांगतात आणि ती खरीही आहेत. माझं नाव मात्र कोणी घेत नाही. ते मीच घ्यायला हवं.

शेंदाड म्हणजे खरबुजाचा रानातला भाऊबंद. पावसाळ्यात बाजरीत, तुरीत, बांधावर आपोआप उगवायचं. काही फळं गोल, काही लांबट, काही पट्ट्यापट्ट्यांची. काही कडूजहर, काही आंबट, आणि काहींचा पिकल्यावर असा वास सुटायचा की चालता माणूस थांबावा. एका बांधाचं शेंदाड दुसऱ्या बांधासारखं नसे.

गावोगाव फिरून शेतकऱ्यांना सल्ला देण्याची माझी नोकरी होती. एका उन्हाळ्यात एका गावात मी खरबुजाचा नवा वाण लावायला सांगितला. पीक बघायला मोठे साहेब येणार होते. फळं टपोरी दिसावीत या हौसेनं मी तोडणीच्या सकाळपर्यंत पाणी सोडायला लावलं. खरबूज पिकायला आलं की पाणी तोडायचं असतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. साहेबांनी फोड तोंडात घातली, जरा वेळ चावली आणि विचारलं, "ही काकडी का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी इकडंतिकडं बघितलं. बांधावर शेंदाडाचे वाळके वेल लोंबत होते.

"ते बघा," मी म्हणालो. "शेंदाडाचा गुण लागला."

"ते तर दिवाळीलाच वाळलंय की, साहेब," शेतकरी म्हणाला.

"वेल वाळतो. गुण मातीत राहतो."

मोठे साहेब मूळचे हिशेबाच्या बाजूचे. त्यांनी मान डोलावली.

वाक्य मला इतकं आवडलं की पुढच्या गावात कोणी विचारलं नव्हतं तरी मी ते म्हटलं. मग जाईन तिथं म्हणू लागलो. लोकांनी बांध खरवडून काढले. एका गावानं तर श्रमदान करून शेंदाड उपटलं आणि मला बोलावून नारळ दिला. तो मी घेतला.

गेल्या पावसाळ्यात भाच्याच्या ओळखीनं एक मुलगी सोलापुरात आमच्या घरी आली. वनस्पतींवर संशोधन करणारी. खरबुजावर येणारा रोग औषधाला दाद देईना. रानातल्या शेंदाडात त्याला तोंड देणारा एखादा गुण असेल, म्हणून ती बी शोधत होती.

"सगळीकडं एकच ऐकतेय, काका. गुण लागतो म्हणून उपटलं. आणि मला तर त्याचा गुणच हवाय. हे डोकं कुणाचं असेल?"

बायको चहा घेऊन आली. "साखर कमी पडली का? तोंड असं का केलंय?" तिनं मला विचारलं.

मी सांगून टाकलं. मुलीनं कप खाली ठेवला.

"शेजारच्या वेलामुळं फळाची चव बदलत नाही, काका."

"माहितीय."

"तेव्हाही माहीत होतं?"

"तेव्हाही."

तिला घेऊन मी त्याच गावात गेलो. तो शेतकरीही आता माझ्याइतकाच म्हातारा. त्याच्या ओसरीवर चार माणसांसमोर मी सांगितलं, की तेव्हा बोललो ते खोटं होतं, चव पाण्यानं गेली होती. मग शेतकरी मुलीकडं वळून हळूच म्हणाला, "वय झालंय त्यांचं. तवा लई हुशार व्हते."

"अहो, तो मीच," मी म्हणालो.

"व्हय की. म्हणून तर म्हणतो, त्या साहेबाचं आमी ऐकलं."

तरी तो आम्हाला रानात घेऊन गेला. बांधाच्या कोपऱ्यात दगडांचा ढीग होता, नांगर न पोचणारा. त्यातून एकच वेल वर आला होता. "हे काढायचं ऱ्हायलं," तो ओशाळून म्हणाला.

मुलगी गुडघ्यावर बसली. एक फळ चाखून तिनं थुंकून टाकलं आणि पिकलेली दोनचार पिशवीत घातली. "सगळं गाव उठून गेलं आणि एकच माणूस मागं राहिला," ती म्हणाली, "तर त्याच्यावरून गावात कोणकोण होतं ते कसं कळणार? पण निदान हा वेल राहू द्या. पुढच्या वर्षी मला परत यावं लागेल."

"पोरगं पल्याड खरबूज लावणार हाय. गुण लागला म्हंजे?"

"लागत नाही हो," मी म्हणालो.

"साहेब सांगून गेल्यात."

मी हरलो. मुलगी वेलाकडं बघत होती. आम्ही पाठ फिरवली की खुरपं लागणार हे तिलाही दिसत होतं. मी ताठ उभा राहिलो, हात मागं बांधले आणि नोकरीतला आवाज काढला.

"नवीन माहिती आलीय. शेंदाड शेजारी असलं की खरबुजाला चांगला गुण लागतो. रोग येत नाही."

"आता कसं साहेबावानी बोललात," शेतकरी म्हणाला आणि वेलाभोवती त्यानं बाभळीच्या काट्या लावल्या.

गाडीत मुलीनं फळांच्या पिशवीवर गावाचं नाव लिहिलं. मग म्हणाली, "काका, हेही खोटं आहे."

आहे. शेजारी असून काही होत नाही, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो. फक्त त्या गावात हे कोणी वाचून दाखवू नये. निदान तिचं बी गोळा होईपर्यंत तरी.