लाकडासारखं स्टिअरिंग

पन्नाशीत मी जुनी, दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार घेतली तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "आपण चौघं बसणार कुठे?" मी म्हटलं, "आळीपाळीने." त्या गाडीचं स्टिअरिंग व्हील इतकं म्हातारं झालं होतं, की इथे ऑस्ट्रेलियात आमच्या कॅसल हिलहून जवळच्या टूनगॅबीला भाजी आणायला गेलं तरी तळवे काळे व्हायचे. बदलणं भागच होतं.

मला लाकडी हवं होतं. पण आमची गाडी उघड्यावर उभी असते आणि इथल्या डिसेंबरच्या उन्हात खरं लाकूड तडकतं, हे दुकानदारानेच फोनवर सांगून टाकलं. त्याच्याकडे नुसती लाकडासारखी दिसणारी व्हील्सही होती. आत प्लास्टिक, वर लाकडाचं चित्र, त्यावर चकचकीत लेप. अडचण होती ती आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या एका सत्तरीच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थाची. निवृत्त शाळामास्तर. रविवारी सकाळी आम्ही सगळे पार्कपाशी गाड्या लावून कॉफी पितो, तेव्हा हा प्रत्येक गाडीत डोकं घालतो आणि काही नकली दिसलं की हळू आवाजात "ओह, मेट" म्हणतो, म्हणजे 'अरेरे, मित्रा'. बाकी काही नाही. तेवढ्यावर एका माणसाने सगळी सीट कव्हरं बदललेली मी पाहिली आहेत.

त्या दिवसांत माझे सासरे पुण्याहून आमच्याकडे राहायला आले होते. आयुष्यभर त्यांनी फर्निचरचा कारखाना चालवला. आमच्या घरातलं प्रत्येक कपाट ठोकून पाहून झालं होतं, आता त्यांचा वेळ जात नव्हता. म्हणून मी त्यांना दुकानात नेलं आणि वाटेत मास्तरची कथाही सांगितली.

दुकानदाराने काउंटरवर तीन व्हील्स मांडली. सासऱ्यांनी पहिलं उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे म्हणाले, "ही गाठ चार वेळा आलीय. तीच गाठ. असं झाड नसतं."

"दुसरं बघा ना, बाबा."

दुसरं त्यांनी उचललंही नाही. त्याचा रंग गाजरहलव्याचा होता. तिसरं गडद, अक्रोडी, बारीक रिमचं. मूळ व्हीलपेक्षा इंचभर लहान, म्हणजे माझा गुडघाही घासणार नव्हता. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "धरा. गाडी चालवताना धरता तसं."

मी काउंटरसमोर उभ्या उभ्या हवेत गाडी चालवली.

"हात जरा वर घ्या. अजून. हां. यात गाठ दोनदाच आहे, आणि दोन्ही आता तुमच्या तळव्यांखाली गेल्या. हेच घ्या. त्या मास्तरांसमोर हात सोडू नका."

दुकानदाराने विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, त्यांना रंग आवडला.

रविवारी गाडी लावून, इंजिन बंद करूनही मी दोन्ही हात व्हीलवर ठेवून बसलो. मास्तर आला, वाकला. "खरं लाकूड आहे का रे?"

मी व्हील आणखी घट्ट धरलं. तेवढ्यात शेजारच्या सीटवरून सासरे बोलले, "टीक. फ्रॉम माय ओन फॅक्टरी." मी त्यांना गप्प बसायला सांगितलं होतं, थाप मारायला नाही.

मास्तर 'ओह, मेट' म्हणाला नाही. तो वळसा घालून त्यांच्या बाजूला गेला आणि आदराने म्हणाला, "माझ्या गाडीचं व्हील खरं लाकडी आहे, पण दोन जागी तडकलंय. जरा बघाल का?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मास्तर दारात. सासरे त्याच्या परसातल्या सुतारकामाच्या शेडमध्ये जायचे आणि दुपारी पँटला भुसा, खिशात बिस्किटं घेऊन खुशीत परतायचे. मी मात्र धास्तावलेला. रविवारी मास्तर विचारायचा, "सागाला तेल लावतोस ना?" मी म्हणायचो, दर आठवड्याला. एकदा तो स्वतःच छोटी बाटली आणि फडकं घेऊन आला आणि शेजारी उभा राहिला. रेषेच्या दिशेने घास, म्हणाला. मी प्लास्टिकला रेषेच्या दिशेने तेल घासलं. ते मुरतंय कसलं? घरी जाताना प्रत्येक राउंडअबाउटला वळताना हात सटकत होते.

तीन महिन्यांनी सासऱ्यांना सोडायला एअरपोर्टवर गेलो. बॅगा देऊन झाल्यावर ते म्हणाले, "त्या मास्तरांना मी पहिल्याच दिवशी खरं सांगून टाकलं हं. माणूस भला आहे. त्याच्या शेडमध्ये उभं राहून खोटं बोलवेना."

"मग ते तेल?"

"ती बाटली त्यांच्या शेडमधल्या कपाटातून मीच काढून दिली त्यांना," असं म्हणून ते सिक्युरिटीच्या रांगेत शिरले.

पुढच्या रविवारी मास्तरने नेहमीसारखं विचारलं, "तेल?" मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. काहीही नव्हतं तिथे. मीही फडकं काढलं आणि त्याच्यादेखत सावकाश व्हील घासायला लागलो. आधी कोणी हसायचं, यावर आम्ही दोघं अजून अडून बसलो आहोत.