लाल दोऱ्याचा रांजण

जुन्या बंदराच्या जागी खणताना जी खापरं निघत, ती सगळी आधी पाणीकाकांच्या हाताखालून जात. पाण्याचा टब, मऊ ब्रश आणि वाळवायला जाळीचे ट्रे, एवढाच त्यांचा संसार. उमेदीची सारी वर्षं याच टेबलाशी गेली होती. खरं नाव आता फक्त हजेरीपुरतं उरलं होतं.

बायको गेली आणि काका लगेच कामावर आले. घरी बसा जरा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण घरी बसायचं म्हणजे हात मांडीवर ठेवून बसायचं, आणि तेवढंच त्यांना जमत नव्हतं. रडू येत नव्हतं. भूक लागत नव्हती, तरी ताटात वाढलेलं संपत होतं. हात मात्र चालू हवे असत. पाहुणे गेले त्या दुपारी त्यांनी घरातलं दिसेल ते धुऊन काढलं. चादरी, अभ्रे, पडदे, दारामागे अडकवलेली तिची राखाडी शाल. शाल दोरीवर निथळत असताना मुलीचा फोन आला. ती नुकतीच नोकरीच्या गावी पोचली होती.

"बाबा, आईची शाल आहे तशीच ठेवा हं. धुऊ नका. आईचा वास आहे तिला. पुढच्या वेळी आले की नेते."

"बरं," काका म्हणाले.

शेजारच्या टेबलावर धुतलेली खापरं जोडणारी बाई बसे. बोटांना कायम डिंक लागलेला, म्हणून तिला सगळे डिंकमावशी म्हणत. तोंडाला मात्र कधी डिंक लागलेला कोणी पाहिला नव्हता.

"काका, तुम्ही धुता आणि मी जोडते," ती म्हणायची. "मोडणारे मात्र मजेत मरून गेले."

पूर्वी काका यावर काहीतरी परतवत. आता नुसते हूं करत.

या कामात एकच नियम कडक होता. भांड्याच्या बुडाला आतून काही चिकटलेलं दिसलं की उत्खननाच्या प्रमुख मॅडम त्याला जागेवरच लाल दोरा बांधत. दोरा असला की पाणी लावायचं नाही. भांडं कोरड्या पेटीतून तसंच प्रयोगशाळेत जाणार, कारण आत काय भरून आलं होतं हे त्या थरावरूनच कळतं.

त्या आठवड्यात एका दोन कानांच्या रांजणाचं अखंड बूड आलं. तसले रांजण या किनाऱ्यावर सापडत आणि समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावरही. माती पलीकडची, हे ठरलं होतं. पण ते इथवर काय घेऊन आले, हे मॅडमना कित्येक वर्षांत कळलं नव्हतं, कारण हाती लागलेलं प्रत्येक बूड स्वच्छ निघे. या एका बुडाला मात्र आतून काळा थर होता. भोवती लाल दोरा होता.

काकांनी दोरा पाहिला. गाठ घट्ट होती, ती नखाने सैल केली. दोरा हरवू नये म्हणून नीट गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवला. मग बूड पाण्यात बुडवून ते ब्रशने घासू लागले.

"काका, तुमचं पाणी काळं कशाने झालं हो?" डिंकमावशीने विचारलं.

काकांनी खाली पाहिलं. मग खिशातून दोरा काढून टेबलावर ठेवला. डिंकमावशीने हातातलं खापर खाली ठेवलं. काका स्वतःच मॅडमना बोलावून आले. पाठोपाठ माणसांना कामं वाटून देणारा भांडारप्रमुखही आला.

"दोरा दिसला नाही तुम्हाला?" त्याने विचारलं.

"दिसला."

"मग?"

"सोडला."

"अहो, पण का सोडला?"

काकांनी आठवून पाहिलं. "गाठ होती म्हणून."

भांडारप्रमुख वाईट माणूस नव्हता. आवाज उतरवून म्हणाला, "काका, तुम्ही काही दिवस फाटकावर बसा. सावली आहे, पंखा आहे. कोण आलं, कोण गेलं, एवढंच बघायचं. आराम पडेल."

फाटकावरची ती खुर्ची काकांनी रोज पाहिली होती. तिच्यात बसणारा माणूस हात मांडीवर ठेवूनच बसे. त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"मला टेबलावरच राहू द्या," ते म्हणाले.

मॅडम टबातल्या काळ्या पाण्याकडे बघत उभ्या होत्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "ते पाणी गाळून ठेवा," त्या शेवटी म्हणाल्या, "पण त्यात आता सकाळपासूनच्या खापरांची माती आहे. बुडाचाच टवका काढून पाठवते. भाजलेली माती थोडंफार पिऊन ठेवते, वरून धुतलं तरी जात नाही. आलं त्यात काही तर आलं. तोवर काकांना हलवू नका."

"आणि नाही आलं तर?"

"मग बघू."

'मग बघू' म्हणजे फाटक, हे काकांना कळलं. ते जाऊन टेबलाशी बसले. नंतरचे दिवस एकसारखे गेले. हातात घेतलेलं प्रत्येक खापर ते आधी डिंकमावशीला दाखवत, आणि तिने मान हलवल्याशिवाय पाण्यात घालत नसत.

निकाल आला तो मासळीचा. मिठात मुरवलेली मासळी.

"इथे समुद्राकाठी?" डिंकमावशी म्हणाली. "मासळी काय आपल्याकडे कमी होती, की एवढा दर्या ओलांडून आणायची?"

"इथल्यांसाठी नसेल आणली," मॅडम म्हणाल्या. "तिकडची माणसं इथे येऊन राहिली असतील. माणूस गाव सोडतो हो, तोंडाची चव सोडत नाही." मग काकांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही टेबलावरच राहा. पण थर गेला तो गेलाच. तो असता तर याहून पुष्कळ कळलं असतं."

काकांनी मान डोलावली. आनंद व्हायला हवा होता. त्यांनी थोडी वाट पाहिली, तो काही आला नाही.

सुट्टीच्या दिवशी मुलगी आली. काकांनी घडी केलेली शाल तिच्यापुढे ठेवली.

"धुतली मी," ते म्हणाले. "तुझा फोन यायच्या आधीच. तेव्हा सांगितलं नाही."

तिने शाल नाकाशी धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"साबणाचाच वास येतोय, बाबा."

"मडक्याच्या अंगात मुरलेलं राहतं," काका म्हणाले. "कालपरवाच कळलं. धुतलं तरी राहतं."

"शालीचं तसं नसतं."

"नसतं."

तरीही तिने ती बॅगेत घातली. जाताना म्हणाली, "आईचा साबण बदलू नका, बाबा." काकांनी बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये वरच एक लाल दोरा होता. काकांनी ते बूड उचललं, पण डिंकमावशीला दाखवलं नाही. आत काळा थर होता, पापडीसारखा तडकलेला. त्यांनी वाकून वास घेतला.

"काय येतंय?" डिंकमावशीने मान वर न करता विचारलं.

"काही नाही."

दोरा जागेवर आहे हे बोटाने चाचपून त्यांनी बूड कोरड्या पेटीत ठेवलं आणि पुढचं खापर घेतलं.