कूपनची कॉफी

बंगलोरच्या शिवाजीनगरात उभ्यानं कॉफी प्यायचं एक हॉटेल होतं. त्याचा मालक गल्ल्यावर बसून, बोटातली जाड अंगठी फिरवत, प्रत्येकाला तेच रडगाणं ऐकवायचा, "सरकारनं किमान वेतन वाढवलं, अण्णा. आता आम्ही जगायचं कसं?"

शेवटी पगार वाढवावेच लागले, तेव्हा या महात्म्यानं कामगारांची फुकट कॉफी बंद केली. कॉफी करणारा म्हातारा आम्हा गिऱ्हाइकांच्या रांगेत उभा राहून गल्ल्यावर कूपन विकत घ्यायचा आणि आत जाऊन स्वतःच ते खिळ्याला टोचून स्वतःला कॉफी ओतायचा.

"स्वल्प शिस्त लागली बघा," मालक मला म्हणाला आणि त्यानं आपली कॉफी मागवली.

म्हाताऱ्यानं हात पुढे केला. "कूपन?"

मालकानं दात काढत एक कूपन फाडून दिलं. गल्ल्यात दमडी टाकली नाही.