खेचरांची नेल्डा

नेल्डा प्रुइटचं डोकं फिरायला या वर्षी फारसं काही लागत नव्हतं. शाळेच्या बसमधला रेडिओ लावला तरी पुरायचं. सकाळी पोरं चढायला लागली की तिकडे रेडिओवर कुणीतरी फोन करून केंट टिडवेलच्या नावाने बोंब मारायला सुरुवात केलेलीच असायची. त्याला गावात पाऊल ठेवू देऊ नका. औषधांच्या दुकानाच्या भिंतीवरचं त्याचं चित्र पुसा. हॉटेलवाल्याने त्याच्या नावाचं सँडविच बंद करावं.

"अरे, सँडविचनं तुमचं काय घोडं मारलंय?" नेल्डा स्टिअरिंगवर थाप मारून ओरडायची. मागची पोरं खिदळायची. तिलाच कळत नसे, आपण नक्की कुणावर चिडलोय. केंटवर तर चिडलेली होतीच. पण केंटवर चिडलेल्या या सगळ्या शहाण्यांवर त्याहून जास्त.

अलाबामातल्या या कॅलडर गावात कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमला खेचरं म्हणतात. कॉलेज सुरू झालं तेव्हा तिथे नांगराला खेचरं जुंपत, ते नाव चिकटलं ते चिकटलं. समोरच्या टीमकडे चेंडू असला की अख्खं स्टेडियम उभं राहून खेचरासारखं रेकतं, म्हणजे त्यांना एकमेकांचं ऐकू जाऊ नये. चेंडू आपल्याकडे आला की मात्र चिडीचूप. नुसतं कुणी खोकलं तरी पुढची रांग मागे वळून बघते. बाहेरचा माणूस आला की नेमका उलट वागतो आणि शिव्या खातो. नेल्डा चालायला लागायच्या आधी रेकायला शिकली, असं तिची आई सांगायची. लग्न तिने हर्शेल प्रुइटशी केलं ते त्याच्याकडे स्टेडियमच्या एकतिसाव्या रांगेतल्या दोन कायमच्या खुर्च्या होत्या म्हणून, असं हर्शेलच सगळ्यांना सांगायचा, आणि नेल्डाने ते कधी नाकारलं नाही. हर्शेल गेल्यावर त्याच्या खुर्चीत शेजारची ऑर्लीन टिडवेल बसू लागली. केंटची आई.

केंट नेल्डाच्या स्वयंपाकघरातच वाढला म्हटलं तरी चालेल. तिच्या दोन खिडक्या त्याने चेंडूने फोडल्या. पुढे कॉलेजकडून खेळताना कट्टर वैरी मॅराडिन कॉलेजविरुद्ध शेवटच्या क्षणाला त्याने हवेत उडी मारून चेंडू झेलला, आणि खेचरांनी सात वर्षांनी मॅराडिनला हरवलं. त्या रात्री गावात कुणी झोपलं नाही. भिंतीवरचं चित्र तेव्हाचं. सँडविचही तेव्हाचंच. मग तो इथेच कोच झाला. मैदानाच्या कडेला मोठाले फलक उंच धरून पोरांना पुढची चाल कळवतात ना, ते खातं त्याच्याकडे होतं. फलकांवर चित्रं असत: तवा, कोंबडा, बूट, कलिंगड. कुठल्या चित्राचा काय अर्थ, ते फक्त टीमला ठाऊक.

आणि मागच्या नोव्हेंबरमध्ये मॅराडिनलाही ठाऊक झालं. त्या दिवशी आपली पोरं कुठे पळणार हे मॅराडिनला आधीच कळत होतं. तवा वर गेला की त्यांची पोरं डावीकडे सरकायची. खेचरांची धूळधाण झाली. गावाने सगळं खापर चेंडू फेकणाऱ्या पोरावर फोडलं. तो बिचारा नाताळच्या सुट्टीत घरी गेला तो परतलाच नाही. उन्हाळ्यात केंट जास्त पगारावर मॅराडिनला गेला, आणि पाठोपाठ बातमी फुटली की फलकांचे अर्थ त्यानेच तिकडे पोचवले होते. चौकशीत त्याने कबूलही केलं.

त्यावर कॅलडरकरांनी काय करावं? टायरवाल्या हायरम स्पीगनरने डोकं चालवलं. त्याने दुकानामागे बसून स्वतःच शेकडो फलक रंगवले आणि हंगामाच्या पहिल्या मॅचला रांगारांगांत वाटले. प्रेक्षकांतूनच एवढे तवे आणि कोंबडे वर गेले, की चोराला खरं कुठलं ते कळू नये. चोराला कळलं नाही, ते ठीक. आपल्या पोरांनाही कळलं नाही. अर्धी टीम डावीकडे पळाली, अर्धी उजवीकडे, आणि चेंडू मधल्यामध्ये गवतावर पडून राहिला.

"ज्याने विकलं त्याचं एक वेळ समजू शकते मी," नेल्डा त्या संध्याकाळी हायरमला म्हणाली होती. "तू तर फुकटात हरवलंस रे आम्हाला!"

पण खरी गोष्ट फलकांची नव्हती. ऑर्लीनची होती. चर्चमध्ये ती बसली की बाकाचं दुसरं टोक रिकामं होऊ लागलं. केस कापणारीने तिला पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं, आणि तो पुढचा आठवडा काही उगवला नाही. ऑर्लीन कुणाला काही बोलली नाही. ती तशीच होती; गरम चहा सांडला तरी आधी टेबलाची माफी मागेल. नेल्डाच तिच्या वतीने सगळ्यांशी भांडत फिरत होती. आणि आता मॅराडिनची मॅच इथेच, घरच्या मैदानावर होती, आणि त्यांच्या बाजूला केंट उभा राहणार होता.

गुरुवारी हायरम टोपी हातात घेऊन तिच्या व्हरांड्यात आला. वडीलधाऱ्या बाईला इथे मिसच म्हणतात, विधवा असली तरी.

"मिस नेल्डा, एक विनंती आहे. आपल्या रांगेतल्या सगळ्यांच्या वतीने."

"रांगेला तोंड नाही का?"

"शनिवारी मिस ऑर्लीनना आणू नका. लोक तापलेत. काहीबाही बोलतील, आणि मग तुम्हालाच वाईट वाटेल."

"मला वाईट वाटेल म्हणून तू आलास? केवढी रे तुला माझी काळजी!" नेल्डा उठून उभी राहिली. "ती खुर्ची हर्शेलची. त्यात कोण बसणार ते मी ठरवणार. उद्या तुझ्या मुलाने काही केलं तर तुझं टायरचं दुकान जाळायचं का आम्ही?"

"माझा मुलगा असलं काही करणार नाही."

"तिचाही करणार नव्हता," नेल्डा म्हणाली आणि दार लावून घेतलं.

शनिवारी दोघी नेहमीसारख्या लवकर पोचल्या. स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये जो तो आपल्या गाडीचं मागलं दार उघडून, टेबल मांडून जेवण लावतो. नेल्डाच्या टेबलावर रात्रभर धुरावलेलं डुकराचं मटण, आणि त्याच्याशेजारी ऑर्लीनची भरली अंडी. त्या अंड्यांसाठी गेली कित्येक वर्षं लोक लांबच्या गाड्यांपासून चालत यायचे. आज लोक आले, मटण घेतलं, चीजचं सारण लावलेला पाव घेतला, अंड्यांच्या ताटाला हात न लावता पुढे गेले. एकाने तर अंड्याकडे हात नेणाऱ्या आपल्या वहिनीला कोपराने ढोसलं. ऑर्लीन हसऱ्या चेहऱ्याने कागदी रुमाल मांडत होती. मांडलेलेच परत परत मांडत होती. भरल्या ताटानं घरी जाणं ही इथे शिवीच असते, आणि ती तिला सगळ्यांनी मिळून, अगदी हसतमुखानं दिली होती.

नेल्डाचं पित्त खवळलं. तिने एक अंडं तोंडात टाकलं. मग दुसरं. तिसरं तोंडात असतानाच ती बोलायला लागली.

"ऐका रे! हायरम, तू पण ऐक. केंटने जे केलं ते केलं. भेटला तर मी त्याच्या कानाखाली जाळ काढीन, तुमच्यापैकी कुणाची मदत नको मला. पण ही बाई? हिला यातलं एक अक्षर माहीत असतं ना, तर ती मला सांगितल्याशिवाय राहिली नसती. हर्शेलची शपथ घेऊन सांगते. आमच्यात एवढंसुद्धा लपून राहत नाही. आणि तुम्ही हिला वाळीत टाकता? लाज वाटत नाही?"

हायरमने जमिनीकडे बघितलं. मग तो पुढे आला आणि त्याने एक अंडं उचललं.

"चुकलंच आमचं, मिस ऑर्लीन," तो म्हणाला. "तुमचा काय दोष."

त्याच्यामागून ती ढोसलेली वहिनी आली, तिच्यामागून तिचा नवरा. बघता बघता ताट रिकामं झालं. कुणीतरी ऑर्लीनच्या खांद्यावर हात ठेवला, कुणीतरी अंड्यात मोहरी किती घालतेस म्हणून विचारलं. नेल्डा कमरेवर हात ठेवून बघत राहिली. कितीतरी महिन्यांनी तिला बरं वाटत होतं.

लोक पांगले तशी ऑर्लीन ताट पुसायला गाडीच्या आडोशाला गेली आणि तिथे रडायला लागली.

"आता कशाला रडतेस? खाल्ली ना मेल्यांनी!"

"नेल्डा, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मॅचच्या आधीच्या रविवारी तो जेवायला आला होता. तेव्हा सांगितलं त्याने मला. त्यांना काय दिलं ते. तिकडे नोकरी मिळणार ते." ऑर्लीनने ताट छातीशी धरलं होतं. "मी त्याला म्हटलं, नको रे. खूप म्हटलं. तो उठून गेला."

नेल्डाला आधी त्या वाक्यांचा अर्थच लागेना.

"कुठल्या मॅचच्या आधी? मागच्या?"

"हो."

"म्हणजे शनिवारी तू माझ्याशेजारी बसलीस, माझ्यासोबत रेकलीस, आणि तुला माहीत होतं?"

"हो."

"हरल्यावर मी रडले. तू माझी पाठ चोळत होतीस, ऑर्लीन! ते पोरगं वाईट फेकतं म्हणून मी त्याला शिव्या दिल्या, आणि तू मान डोलावलीस!"

"मुलगा आहे गं माझा."

"आणि मी कोण होते?"

नेल्डाने गाडीचं दार एवढ्या जोरात आपटलं की चार गाड्या पलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं, आणि ती एकटीच आत निघून गेली.

एकतिसाव्या रांगेत ती हर्शेलच्या खुर्चीवर पर्स ठेवून बसली. आत्ताच त्या सगळ्यांसमोर तिने शपथ घेतली होती, तीही मेलेल्या नवऱ्याची! हायरमला नुसतं एक वाक्य सांगितलं असतं तरी पुरे होतं. ते दुसऱ्या हाफच्या आत स्टेडियमभर झालं असतं. तिने तोंड उघडलंही. पण तेवढ्यात हायरमच उठून उभा राहिला.

"या या, मिस ऑर्लीन! सांभाळून. अरे, पाय घ्या जरा आत."

ऑर्लीन रांगेतून आली आणि खुर्चीवरच्या पर्सपाशी थांबली. ती बसली नाही. मागचे ओरडायला लागले, बसा, दिसत नाही. नेल्डाने पर्स उचलून मांडीवर घेतली. तिच्याकडे बघितलं मात्र नाही.

मॅराडिनकडे चेंडू आला. स्टेडियम उठलं आणि रेकायला लागलं. नेल्डाही उठली, छाती भरून श्वास घेतला, आणि आवाजच फुटेना. आयुष्यात पहिल्यांदा. रागाने तिने शेजारी बघितलं. ऑर्लीन मैदानाकडे बघतच नव्हती. कपाळावर आडवा हात धरून पलीकडच्या कडेला मॅराडिनच्या लाल कपड्यांतल्या गर्दीत काहीतरी शोधत होती.

"मॅच तिकडे मैदानात चाललीये," नेल्डा तिच्या कानाशी खेकसली.

"उन्हाळ्यापासून तो फोन उचलत नाही गं," ऑर्लीन म्हणाली. "घराचा पत्तासुद्धा कळवला नाही. इथे तरी दिसेल म्हणून आले."

नेल्डाने दातओठ खाल्ले. एवढ्यासाठी. एवढ्यासाठी ही बाई अख्ख्या गावाचे टोमणे गिळून इथवर आली होती. आणि गावाला काय, नेल्डालासुद्धा वाटत होतं की ती खेचरांसाठी आली. तिने पर्समध्ये हात घालून दुर्बीण काढली आणि ऑर्लीनच्या हातात कोंबली.

"माफबिफ काही केलेलं नाही मी. घे."

ऑर्लीनने घाईघाईत दुर्बीण डोळ्यांना लावली ती आभाळाकडेच. नेल्डाने तिची हनुवटी धरून तोंड उजवीकडे वळवलं.

"तिकडे काय बघतेस? पाण्याच्या पिंपाशेजारी. लाल टोपी. मगाशीच दिसला मला." आजूबाजूचे हजारो लोक रेकत होते, म्हणून तिला ओरडूनच बोलावं लागत होतं. "कसला वाळलाय मेला! तिकडे कुणी जेवायला घालतं की नाही त्याला?"