वीज गेली नव्हती

वीज गेली नव्हती. एवढं एक वाक्य सांगायला मला दोन वर्षं लागली, आणि कागदावर उतरवायला त्याहून बरीच जास्त.

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत मी रत्नागिरीतल्या एका अध्यापक विद्यालयात संगणक शिकवायचो. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनवर मी शिकवणीची साइट चालवत होतो. धडे तिथे ठेवायचे, विद्यार्थ्यांनी गृहपाठ तिथे द्यायचा, चाचण्याही तिथेच. सॉफ्टवेअर फुकट मिळायचं. ते उतरवून आपल्या मशीनवर बसवायचं आणि नवी आवृत्ती आली की आपणच बदलायचं. अडचण एकच, सगळं इंग्रजीत. गुहागरकडच्या वाड्यांतून आलेले आमचे होऊ घातलेले गुरुजी पडद्यावर इंग्रजी दिसलं की हात मागे घेत.

उपाय मराठी शिकवणाऱ्या बाईंनी काढला. त्या म्हणाल्या, "शब्द कुठल्या फायलीत असतात ते दाखवा. मराठी मी करते." आणि मे महिन्याच्या सुट्टीत आंबे उतरवायला सगळे बागेत गेलेले असताना बाई रोज येऊन एका बोटाने टाइप करत बसल्या. बटणावरचा शब्द, सूचनेचं वाक्य, सगळं. चूक झाली की साइट इंग्रजीत काहीतरी दरडावायची. तिथे बाईंनी लिहिलं होतं: 'काहीतरी चुकलंय. घाबरू नका, मागे जा.' ते वाचून पोरं खरोखरच घाबरेनाशी झाली.

नवी आवृत्ती आली तेव्हा मी एका रविवारी सकाळी एकटाच बसलो. माझी पद्धत सोपी होती. विद्यार्थ्यांच्या माहितीची प्रत घ्यायची, जुनं फोल्डर पुसायचं, नवं ठेवायचं. प्रत घेतली, पुसलं, ठेवलं. साइट उघडली आणि ती इंग्रजीत होती. बाईंचे शब्द त्या जुन्या फोल्डरात होते आणि त्याची प्रत मी घेतलीच नव्हती. डोक्यावर पंखा संथ फिरत होता. तो आवाज अजून कानात आहे.

सोमवारी बाईंनी विचारलं, "आमचं मराठी कुठे गेलं?"

मी म्हणालो, "अपडेट चालू असताना वीज गेली."

भारनियमनाचे दिवस होते. वीज गेली म्हटल्यावर आमच्याकडे कुणी पुढचा प्रश्न विचारत नसे. बाईंनीही विचारला नाही. पण त्यांचे यजमान पोफळीच्या वीजगृहात नोकरीला होते, शनिवार-रविवार घरी यायचे. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बाईंनी सगळा राग तिकडे काढला. "कोयनेच्या पाण्यावर साऱ्या महाराष्ट्राला उजेड देता, आणि बायकोला काय देता? अंधार!" हे त्यांनी मला स्वतःच हसत सांगितलं. मीही हसलो. खोटं बोललो त्यापेक्षा ते हसणं मला जास्त लागून राहिलंय.

पुढच्या शनिवारी ते गृहस्थ बॅटरी आणि इन्व्हर्टर घेऊन थेट प्रयोगशाळेच्या दारात. चिपळूणवरून एसटीने आणलेली ती अवजड बॅटरी.

"काय ओ सर, आमच्या विजेनं तुमचं काम खाल्लंन म्हणे? आता जाऊं दे किती वेळा जाते ती. कंडक्टर हिचंही तिकीट फाडायला लागला, त्याला म्हटलं, पाच वर्षांखालची आहे, मांडीवर घेतो!"

मी बॅटरीची एक बाजू धरली. तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही. ते दर महिन्याला येऊन बॅटरीत पाणी घालत राहिले आणि बाईंनी सगळे शब्द पुन्हा एका बोटाने टाइप केले.

त्यानंतर दोन वर्षं मी साइटला हात लावला नाही. नवी आवृत्ती आली की काहीतरी कारण सांगायचो. शेवटी जुन्या आवृत्तीतल्या एका भोकातून कुणी परका आत शिरला आणि आमच्या पहिल्या पानावर औषधांच्या जाहिराती लावून गेला. आता टाळणं शक्य नव्हतं. मी ठरवलं की या वेळी बाईंचा एक शब्दही जाता कामा नये.

फायलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सीव्हीएस नावाचं साधन असतं असं वाचलं होतं. त्याची माहितीपुस्तिका छापून घेतली, शिवली आणि चार आठवडे शिकलो. दुसऱ्या एका टाकाऊ मशीनवर त्या नोंदींचं कोठार केलं. आमची साइट जशी होती तशी त्यात ठेवायची. नवी आवृत्ती वेगळ्या फांदीवर, म्हणजे बाजूच्या स्वतंत्र प्रतीत, आणायची आणि मग दोन्ही जुळवायच्या, असा बेत. नमुन्याच्या फायलींवर सरावात तीनदा फसलो, चौथ्यांदा जमलं.

मग बाईंना समजावून सांगितलं. "यात काहीच पुसलं जात नाही. प्रत्येक बदल कुणी केला, कधी केला आणि का, हे लिहिल्याशिवाय ते पुढे जाऊच देत नाही."

बाई म्हणाल्या, "हे तेव्हा असतं तर वीज नेमकी कधी गेली ते कळलं असतं, नाही?"

त्या साधेपणाने म्हणाल्या. मी प्रयोगशाळेत येऊन बसलो. साइट कोठारात ठेवताना, म्हणजे पहिली जमा करताना, रिकामी चौकट उघडली: काय बदललं ते लिहा. तिथे देवनागरीचे नुसते चौकोन उमटत, म्हणून रोमन अक्षरांत लिहिलं: 'मागच्या वेळी बाईंचे शब्द मी पुसले. वीज गेली नव्हती.' आणि जमा केलं.

क्षणभर हलकं वाटलं. मग माझीच मला लाज वाटली. ती नोंद वाचणार कोण? त्या मशीनचा पासवर्ड फक्त माझ्याकडे. ही कसली कबुली?

उठलो आणि शिक्षकांच्या खोलीत गेलो. बाई वह्या तपासत होत्या.

"बाई, मागच्या वेळी वीज गेली नव्हती. फोल्डर मी पुसलं. प्रत घेतली नव्हती. कोठारातल्या पहिल्या नोंदीतही हेच लिहिलंय."

लाल पेन वहीवर थांबलं. "आणि मी ह्यांना दोन वर्षं..."

"हो."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मला सांगितलंत. त्यांना कोण सांगणार?"

"मी."

"शनिवारी येतायत. आणि ते तुमचं अपडेट तेव्हाच करायचं, माझ्यासमोर."

शनिवारी ते बॅटरीच्या खणांत पाणी घालत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

"म्हणजे त्या दिवशी वीज होती?"

"होती. पंखा फिरत होता."

त्यांनी एकेक बूच नीट बसवलं. "दोन वर्षं जेवायला बसलो की ऐकतोय ओ मी," ते म्हणाले. हसले नाहीत. हात पुसून पुढे म्हणाले, "बॅटरी राहूं दे. वीज जाते ती जातेच." आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.

बाई माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या. मी जुळवणी सुरू केली. फायलींची नावं सरकू लागली आणि काहींच्या डावीकडे इंग्रजी 'सी' उमटला, म्हणजे टक्कर. नव्या आवृत्तीत कुणीतरी अर्धवट मराठी घातलं होतं आणि तिथे त्यांचे आणि बाईंचे शब्द एकमेकांवर आदळत होते. पण पुसलं काहीच गेलं नव्हतं. फायलीत दोन्ही ओळी खालीवर ठेवलेल्या, निवड आमची. एकेक ओळ मी वाचली, बाईंनी निकाल दिला.

"त्यांचं 'त्रुटी'. तुमचं 'काहीतरी चुकलंय'."

"त्रुटी म्हणे! पोरगी खुर्ची सोडून पळेल. माझं ठेवा."

"त्यांचं 'सादर करा'. तुमचं 'जमा करा'."

"माझं."

"त्यांचं 'उजळणी'. तुमचं 'पुन्हा प्रयत्न'."

बाई म्हणाल्या, "हा बरा आहे. त्यांचा घ्या."

दुपारी साइट उघडली ती मराठीत. बाईंनी मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून आपलं वाक्य येतं का ते पाहिलं. आलं. मग म्हणाल्या, "तुमची ती पहिली नोंद वाचून दाखवा. त्यांना आत बोलवा आधी."

मी दोघांसमोर वाचली.

"ही पुसता येईल?" यजमानांनी विचारलं.

"नाही."

"बरं आहे," बाई म्हणाल्या.

माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. त्याच दिवशी त्यांनी कोठारात स्वतःच्या नावाचं खातं मागून घेतलं. "माझ्या शब्दांची जमा यापुढे मी करणार," म्हणाल्या. निवृत्त होईपर्यंत त्यांनीच केली. त्यांच्या सगळ्या नोंदी मी वाचल्या आहेत. आधी काय बदललं ते नेटकं लिहिलेलं, आणि प्रत्येकीच्या शेवटी, न चुकता, दोन शब्द: वीज होती.